पाचगावच्या पुढे चढणारा काटा

माझे यजमान कोंबड्यांच्या शेडचे पत्रे ठोकताना खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर आठव्या दिवशी अंडी घेऊन मी एकटी उमरेडला निघाले. गाडी मला येत होती. यांनीच हौसेनं मोकळ्या मैदानात शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. पण हौसेनं मैदानात चक्कर मारणं वेगळं आणि मागे पेंढ्यात बसवलेली दोन हजार अंडी घेऊन पन्नास किलोमीटर जाणं वेगळं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराच्या कडेला आम्ही राहायचो त्या मानेवाड्याला तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त होती. सासऱ्यांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तिथं जागा घेतली होती. मागच्या बाजूला आम्ही कोंबड्या पाळल्या होत्या. रोजची अंडी सायकलवाले शहरात न्यायचे. दोन-तीन दिवसांची साठवलेली मोठी खेप मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी उमरेडकडच्या खाणीवर जायची, तिथल्या दवाखान्यात आणि कामगारांच्या कँटीनमध्ये. त्यासाठीच यांनी लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेला एक जुना पिकअप घेतला होता.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती गाडी घेणं अजिबात पटलं नव्हतं. मामाजी तीस-बत्तीस वर्षं वाफेच्या इंजिनांवर होते. कोळसा टाकण्यापासून सुरुवात केली आणि ड्रायव्हर होऊन उतरले. ते यांना म्हणाले होते, "दुसऱ्यानं फेकलेलं इंजिन तू घरी आणून राहिला." यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं मामाजींनी त्या गाडीत पाय ठेवला नव्हता. अंगणात ती उभी असली तर ते वळसा घालून जायचे.

पहिल्या फेरीत दिघोरी गेलं, रस्ता मोकळा लागला, मी खूश झाले. पाचगाव ओलांडलं आणि डॅशबोर्डावरचा गरमीचा काटा हलायला लागला. आधी सावकाश, मग माझ्या डोळ्यांदेखत लाल खुणेच्या पुढे. मी गाडी बाभळीखाली लावली आणि पाऊण तास बसून राहिले. पुन्हा सुरू केली तर काटा शहाण्यासारखा मधोमध. कशीबशी पोचले. येतानाही तेच झालं.

मी गाडी सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री माणूस चांगला होता. हे पडल्याचं कळल्यावर तो दवाखान्यात भेटूनही गेला होता. त्यानं रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, पंख्याचा पट्टा नवा टाकला, पाणी रोखणारा थर्मोस्टॅट काढूनच टाकला. मग बाजारात एक चक्कर मारून आला.

"वहिनी, गाडी एकदम फिट हाय. काटा हललाबी नाही."

शुक्रवारी पाचगावच्या पुढे काटा पुन्हा चढला.

तिसऱ्या फेरीत तर बॉनेटमधून वाफ यायला लागली. घाबरून मी तेच केलं जे करू नये. ओलं पोतं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं आणि उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. शेतातून एक बाई धावत आली, तिनं घागरभर पाणी हातावर ओतलं. अर्धा तास मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून रडले. मग उठले आणि उमरेडला जाऊन अंडी उतरवून आले. उतरवताना दवाखान्याच्या स्वयंपाकघराचे प्रमुख घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, नाश्ता होऊन गेला. मरिजांना अंडी आठ वाजता लागतात, दहा वाजता नाही. असंच होत राहिलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी आले तेव्हा हे पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "विकून टाकू. मिस्त्री म्हणते का इंजिन खोला लागन. त्यापेक्षा भंगारात दिलेली बरी."

"अन् कोंबड्यांना काय सांगू? अंडी देऊ नका म्हणून?"

मी जरा जास्तच जोरात बोलले असणार. ओसरीवर बसलेल्या मामाजींनी मान वळवली. त्यांचा उजवा कान इंजिनांनी खाल्ला होता आणि डाव्यानं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. ते आत आले, माझ्या हाताला बांधलेलं फडकं पाहिलं, आणि माझ्याशी क्वचितच बोलणारा तो माणूस म्हणाला, "उकळत्या पाण्याचं झाकण उघडलं का?"

मी मान हलवली.

"हे तं मले पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तुले कोणी नाही शिकवलं?" असं म्हणून त्यांनी आपल्या लेकाकडे पाहिलं. हे छताकडे बघत राहिले.

मग मामाजी खाली बसले आणि मला विचारायला लागले. गाडी चढावर गरम होते का सपाटीवर? भरलेली असली की होते, का रिकामीपण? उभी केली की काटा किती वेळात उतरतो? गरम झाल्यावर रेडिएटरचा खालचा भाग कसा होता, गरम का थंड?

रिकामीपण एकदा झाली होती, याखेरीज कशाचंच नीट उत्तर मला देता आलं नाही.

"मंग मिस्त्रीले तू सांगितलं काय?"

"गाडी गरम होते म्हणून सांगितलं."

"म्हणजे डाक्टरजवळ जाऊन सांगितलं का मले बरं नाही वाटत. अन् त्यानं जवळच्या सगळ्या गोळ्या देऊन टाकल्या." ते जरा थांबले. "आता कोन्या गोळीनं काय झालं, मिस्त्रीबी नाही सांगू शकत अन् तूबी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलवा लागते, पोरी."

मला राग आला. हात ठणकत होता, आणि हा माणूस माझी परीक्षा घेत होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मामाजी आपला जुना खाकी सदरा घालून, खिशात रेल्वेचं घड्याळ ठेवून, पिकअपच्या शेजारी उभे होते.

"चाल. पाहू तं खरं, पाणी कोठं अडते."

आम्ही अंड्यांच्या वजनाइतकी कोंबड्यांच्या खाद्याची पोती मागे टाकली. मामाजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तो पिकायची वाट बघा, मग काढू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे काटा मी पाहायचा आणि ओरडून सांगायचा, घड्याळ त्यांनी धरायचं. दर किलोमीटरच्या दगडाला मी काट्याची जागा सांगत होते. पहिल्यांदा त्यांनी मला बैलगाडीच्या जरा पुढे जाईल इतक्या हळू चालवायला लावलं. मागून लॉऱ्या भोंगे वाजवत होत्या, त्यांना ऐकू येत नव्हते, मला येत होते. पाचगाव आलं, गेलं, पुढे तीन-चार दगड गेले. काटा मधोमध.

"आता फिर. दिघोरीपासून पुन्हा. या बारीले तू रोज चालवते तशी चालव."

दुसऱ्या वेळी पाचगावच्या पुढे दुसऱ्याच दगडाला काटा लाल खुणेवर.

तिसऱ्या वेळी पोती उतरवून एका ओळखीच्या घरी ठेवली आणि गाडी रिकामी, तशीच वेगात नेली. काटा चढलाच. जरा उशिरानं, पण चढला.

मामाजी खाली उतरले. मी बॉनेट उघडून दिलं. त्यांनी तळहात आधी रेडिएटरच्या वरच्या टाकीजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. मग खाकी बाही वर करून हात खाली घातला, खालच्या टाकीवर ठेवला आणि तिथंच राहू दिला. बराच वेळ. जणू नाडी बघत होते.

"इथं हात लाव," ते म्हणाले.

मी डावा हात लावला. कोमट होतं. वर हात टेकवता येत नव्हता, आणि खाली अंघोळीच्या पाण्याएवढंही गरम नव्हतं.

"पाणी फिरूनच नाही राहिलं," मामाजी म्हणाले. "इंजिन भट्टीसारखं, अन् थंड झालेलं पाणी इथं खाली बसून. ओझ्याचा दोष नाही, उन्हाचा नाही. वेगाचा हाय. हळू जाते तं फिरते, जोरात गेली का थांबते."

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे हळूच म्हणाले, "मी पाचगावच्या पुढे हळूच नेत होतो. थंडीतच एकदोनदा गरम झाली होती."

"मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुले सांगितलं असतं तं बाबानं ऐकलं असतं."

बाबांनी ऐकायचं ते आता ऐकलंच होतं. त्यांच्या गालाचा एक स्नायू हलला. मला वाटतं ते हसू दाबत होते.

आता कोडं असं होतं. पाणी फिरवतो तो वॉटर पंप. इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात फिरणार, म्हणजे पाणी जास्त फिरायला हवं. इथं उलटंच होत होतं. मी मिस्त्रीकडे गेले आणि या वेळी त्याला नीट सगळं सांगितलं. किती किलोमीटरला, किती वेगाला, वर काय, खाली काय. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "पंपाची पाती झिजली असन." पंप उघडला. पाती चांगली होती. त्यानं ती मला बोटानं फिरवून दाखवली आणि पंप परत बसवला.

"आता तं इंजिनच खोला लागन, वहिनी. हेडमधी काही असन."

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

असं का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. मामाजींवर विश्वास बसला होता म्हणावं, तर तेही दोन दिवस काही बोलत नव्हते. ओसरीवर बसून घड्याळाला किल्ली देत राहायचे. पण एकदा पाणी कुठंतरी अडतंय हे हातानं पाहिल्यावर अंदाजानं अख्खं इंजिन उलगडून ठेवायची माझी तयारी नव्हती. शुक्रवारची फेरी मी पहाटे निघून, हळू हळू चालवून, वेळेत केली. असं रोज चालणार नव्हतं. ऊन वाढत होतं आणि अंडी जास्त वेळ वाटेत राहून चालणार नव्हती.

रविवारी सकाळी आत्याबाई, माझ्या सासूबाई, कोंबड्यांना पाणी देत होत्या. मामाजी एकदम उठून माझ्याकडे आले.

"सूनबाई, वाफेच्या इंजिनाच्या मागं पाण्याचा टेंडर राहते. टेंडर अन् इंजिनाच्या मधात रबराची नळी. एकदा माह्या इंजिनाले पाणीच नाही मिळे. टेंडर भरेल, पंप चांगला. नळी बाहेरून नवीकोरी. कापून पाहिली तं आतलं अस्तर सुटलं होतं. पाणी ओढलं का थे चिपके, सोडलं का मोकळं होये." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चिकटवून दाखवले. "या गाडीले खालून नळी हाय ना?"

होती. रेडिएटरच्या तळापासून पंपापर्यंत जाणारी, मनगटाएवढी जाड रबरी नळी. आम्ही लगेच गाडी सुरू केली. ते उजव्या कानानं काही ऐकू येणार नाही हे विसरून बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले, मी आत बसून एक्सलेटर दाबला. एकदा, दोनदा, चारदा. नळीला काही झालं नाही. दाबूनही पाहिली, बऱ्यापैकी घट्ट होती.

माझा चेहरा पडला. मामाजी हात पुसत म्हणाले, "थंड हाय गाडी. थंडीत कोण नरम पडते? उद्या दुपारी नेऊ."

सोमवारी दुपारी, चांगल्या उन्हात, आम्ही पाचगावच्या पुढे गेलो. काटा लाल खुणेला टेकायच्या बेतात आला आणि मी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. तेच नेमकं आजवर कोणी केलं नव्हतं. गरम झाली की आम्ही सगळे आधी इंजिन बंद करायचो आणि मग दोष शोधायचो.

आता अडचण अशी झाली की वाकून खोल बघायला मामाजींचा डोळा पुरत नव्हता. बघायचं मलाच होतं. म्हणजे एक्सलेटर त्यांनी दाबायचा. ज्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं दोन वर्षं ठरवलं होतं, तिच्या आता थेट स्टिअरिंगमागे ते जाऊन बसले. गिअर मोकळा आहे ना, हे मी तीनदा पाहिलं.

"पदर खोच," ते आतून ओरडले. "पंखा फिरून राहिला!"

मी पदर कमरेला गुंडाळून घट्ट खोचला, वेणी ब्लाउजच्या आत टाकली आणि पंख्यापासून हातभर दूर राहून वाकले. आमचं ठरलं होतं, मी हात वर केला की जास्त, खाली केला की कमी. मी हात वर केला. त्यांनी पाय इतका अलगद दिला की इंजिनाचा आवाज एका सुरात, कुठं धक्का न बसता वर चढत गेला. आमच्यातल्या कुणालाच तो पिकअप असा चालवता आला नव्हता.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती जाड नळी आत गेली. आधी मधोमध एक खळगा पडला, मग दोन्ही बाजू चिकटल्या. चोखून टाकलेल्या आंब्याचं साल होतं, तशी चपटी.

"मामाजी!" मी ओरडले. "मामाजी, दबली! दबली!"

ते ऐकत नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हात खाली करायचा हे मी विसरले होते. इंजिन तसंच गरजत राहिलं. शेवटी मी दोन्ही हात हलवले. त्यांनी पाय काढला. नळी फुगून पुन्हा गोल झाली, काही झालंच नाही अशी.

ते उतरून आले. त्यांना स्वतःच्या चांगल्या डोळ्यानं पाहायचं होतं. मी आत बसून पुन्हा केलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर ते सरळ झाले, कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते.

"बंद कर आता," एवढंच म्हणाले. "बिचारी तापली हाय."

गाडी निवल्यावर हळूहळू परत येऊन आम्ही थेट सक्करदऱ्याला गेलो. मिस्त्रीनं मामाजींना ओळखलं, हात जोडून "जयभीम, ड्रायवर साहेब" म्हणाला. मी त्याला काय पाहिलं ते सांगितलं. त्यानं नळीकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"ही नळी दिवाळीच्या वक्ताले मीच बदलवली होती," तो म्हणाला. "जुन्या नळीच्या आत स्प्रिंग होती. गंजून तुकडे झाले होते तिचे. मी काढून फेकून देल्ली. मले वाटलं, काय कामाची हाय?"

"नळीले दबू नाही देत, हेच तिचं काम," मामाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मीबी एकदा एक वायसर फेकला होता. इटारसीपर्यंत वाफ गळत गेली."

मिस्त्री हसला नाही. त्याच्या मनाला फार लागलं होतं. दुकानात तशी स्प्रिंग मिळणार नव्हती, गाडीच इतकी जुनी. त्यानं एक लोखंडी पाइप शिकंज्यात धरला, जाड तार घेतली आणि वेढ्याला वेढा घालत स्वतः स्प्रिंग वळली. पहिली ढिली झाली, ती बाजूला टाकली. दुसरी नळीत घालून त्यानं नळी दोन्ही हातांनी आवळून पाहिली, मग मला आवळायला दिली. ती तसूभर दबली नाही. थर्मोस्टॅटही त्यानं आपणहून परत बसवला.

मंगळवारी सहाला निघालो. मामाजी न विचारता येऊन बसले. दिघोरीच्या पुढे मी वेग घेतला. पाचगाव आलं. मी काट्याकडे बघत होते आणि मामाजी माझ्याकडे.

"रस्त्याकडे पाह्य," ते म्हणाले. "काटा मी पाहतो."

"तुमाले दिसते?"

"लाल झालं तं दिसन."

लाल झालं नाही. साडेसातच्या आत खोकी दवाखान्याच्या ओट्यावर होती. स्वयंपाकघराच्या प्रमुखांनी एक अंडं उचलून उजेडात धरलं, ठेवलं, आणि शुक्रवारी पन्नास जास्त आणा म्हणाले.

हे पावसाळ्याच्या तोंडावर काठी घेऊन चालायला लागले. त्यानंतर त्यांनी शहरातलं काम पाहिलं. उमरेडची फेरी माझ्याकडेच राहिली. तसं कुणी ठरवलं नाही, मी किल्ली परत दिली नाही, इतकंच. पिकअपनं आम्हाला आणखी पाच वर्षं साथ दिली.

पण मला आठवतो तो त्या मंगळवारचा परतीचा रस्ता. खोकी उतरवून झाल्यावर मामाजी म्हणाले, स्टेशनावरून घे. नागभीडकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी फलाटाला उभी होती, तिचं वाफेचं इंजिन पाणी घेत होतं. ड्रायव्हर तरुण होता. मामाजी त्याच्याजवळ गेले, काय बोलले मला कळलं नाही, पण तो खाली उतरला आणि त्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं. मी गाडीत बसून पाहत होते. ते आत एक एक गोष्ट हातानं चाचपून बघत होते आणि तो मुलगा मान डोलवत होता. गाडी सुटायची वेळ झाल्यावर ते उतरले. खाकी सदऱ्यावर काजळी, कपाळावर काजळी. पिकअपमध्ये येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

"चांगला पोरगा हाय," म्हणाले. "पण कोळसा जास्त टाकते."

उमरेडच्या बाहेर पडायच्या आतच त्यांना झोप लागली. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. समोर रस्ता सरळ आणि रिकामा होता. मी वेग कमी केला नाही.